दुपारी बंद पडणारी पेटी

"तुमची पेटी रोज दुपारी मरते," तो दारातूनच म्हणाला.

मी आमच्या फोटो स्टुडिओच्या काउंटरमागे उभी होते, हातात चहाच्या किटलीची वायर. समोर एक किडकिडीत, उंच मुलगा. छत्री नीट मिटून त्याने दाराबाहेर निथळत ठेवली होती. इतकं सभ्य गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचितच यायचं, म्हणून मी छान हसले. मग कळलं की हे गिऱ्हाईक नाही, तक्रार आहे.

"कुठली पेटी?"

त्याने माझ्या पायाशी बोट दाखवलं. पुस्तकाएवढी काळी पेटी. मी मावशीकडे गेले असताना बाबांनी बसवून घेतली होती. तिचीच वायर उपटून मी रोज किटली लावत होते.

"तुमच्यासारखे आणखी चार चहाबाज निघाले ना, तर शिंपीकाकांच्या लेकीचं अख्खं लग्न गायब होईल."

"माझ्या चहात तिचं लग्न कुठून आलं?"

तो खाली बसला, पेटी पुन्हा सुरू केली आणि समजावायला लागला. गल्लीतल्या दहा दुकानांत अशा दहा पेट्या. कुणाचाही फोटो ठेवायचा म्हटला की त्याचे दहा तुकडे होतात आणि एकेका पेटीत एकेक जातो. त्यातले कुठलेही सहा जागे असले की फोटो पुन्हा पूर्ण होतो.

"म्हणजे माझ्या फोटोचा तुकडा शिंपीकाकांकडे? त्यांनी बघितला तर?"

"कुलूपबंद असतो. किल्ली फक्त तुमच्याकडे."

"आणि तुमच्या पेटीत?"

"माझ्याकडेही असेल की तुमचा एखादा तुकडा..." तो वायर गुंडाळत म्हणाला, "पण मलाही दिसत नाही."

हे म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. मी ते पाहिलं, आणि तो गेल्यावर चहा करायचाच विसरले.

गल्लीच्या टोकाला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सगळे त्याला पेटीवाला म्हणायचे. बाबा सहसा कुणावर विश्वास टाकत नसत, त्याच्यावर टाकला. कारण त्याआधी त्यांनी आयुष्यभराचे फोटो एका मोठ्या कंपनीकडे, कुठेतरी लांब ठेवले होते. एका सकाळी कंपनीने नियम बदलले आणि आमचं खातं बंद केलं. जाब विचारायला ना दार, ना माणूस. कॉम्प्युटरवर होते ते राहिले, बाकीचे निम्मे फोटो गेले. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. तिचे फोटो नशिबाने वाचलेल्यांत होते. बाबा कित्येक दिवस नीट जेवले नाहीत. "आता जे ठेवायचं ते ओळखीच्या माणसांत," एवढंच म्हणाले.

आणि मी? किटलीला दुसरा प्लग मिळाला होता, तरी माझी पेटी दुपारी बंद पडतच राहिली. त्याच्या दुकानातल्या पडद्यावर दहा हिरवे ठिपके असायचे. माझा करडा झाला की तो येणार, हे मला चांगलं ठाऊक झालं होतं.

"आज काय झालं?" तो विचारायचा.

"काय माहीत बाई... तूच बघ." तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

तो बघायचा. पेटीकडे कमी, इकडेतिकडे जास्त. तोवर चहा व्हायचा. बाबा वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसायचे, पण पान काही उलटत नसत.

मग एक दिवस चहाचा कप तसाच ठेवून तो म्हणाला, "मला नोकरी आलीये. लांब. एका मोठ्या कंपनीत."

"कुठल्या?"

त्याने नाव सांगितलं. बाबांचे फोटो गिळून बसलेली तीच.

"जा की मग," मी म्हणाले. "तिथे एकच पेटी असेल, मोठी. कुणी चहासाठी वायर उपटणार नाही."

तो उठून निघाला. मला वाटलं, दारातून तरी वळेल. त्या दिवसापासून माझी पेटी एकदाही बंद पडली नाही. बोलवायचंच नव्हतं मला त्याला... आणि तोही आला नाही. माझा ठिपका अखंड हिरवा, आणि माझ्या जिवाला चैन नाही.

त्याने कंपनीला उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी आमचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. बाबांनी नवा आणला आणि पेट्यांतून फोटो परत खेचायला स्वतःच बसले. बाहेर पाऊस लागला होता. मला राहवेना. मी हळूच खाली वाकले आणि पेटीच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "पलीकडच्या बाजूची वीज गेलीये. चार पेट्या बंद आहेत. सहाच उरल्यात."

मी हात मागे घेतला. पडद्यावर आई उमटली, ह्याच काउंटरपाशी, दोन वेण्यांतली. बाबांचे डोळे भरून आले.

"हिला मी तीनदा परत बोलावलं होतं," ते म्हणाले. "फोटो बिघडला म्हणून सांगायचो. पहिलाच उत्तम आला होता." मग नाक पुसून म्हणाले, "चौथ्यांदा मात्र ती आपण होऊन आली. म्हणाली, आता फोटो पुरे." ते माझ्याकडे वळले. "छत्री दारामागे आहे बघ."

मी छत्री घेतली आणि निघाले.

तो खोक्यात वायरी भरत होता. मला बघून त्याने आधी पडद्याकडे पाहिलं.

"तुझी पेटी तर चालू आहे."

"माहीत आहे."

"मग आलीस कशी?"

"चालत."

तो हसला नाही. हातातली वायर उगाच उलगडत राहिला. "एक सांगू? वायर उपटली तर इथे वेगळं दिसतं, आणि बटण दाबून नीट बंद केली तर वेगळं. तू पहिला आठवडा वायर उपटलीस. नंतर सगळं... बटण."

माझा चेहरा तापला. "ठाऊक होतं, तर बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू बंद करायची थांबली असतीस. थांबलीसच शेवटी. मला वाटलं, संपलं."

छत्रीचं पाणी त्याच्या फरशीवर टपटपत होतं.

"थांबू का मी?" त्याने हळूच विचारलं. "गल्लीतल्या पेट्या कुणीतरी बघायला हव्यात..."

"पेट्यांसाठी नको थांबू," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. माझ्यासाठी थांब."

त्याने वायरींचं खोकं जमिनीवर उपडं केलं.

ह्याला आता किती वर्षं झाली. बाबा गेले. आई-बाबांचे फोटो मात्र गल्लीभर आहेत, शिंपीकाकांच्या नातीच्या दुकानातसुद्धा, तुकड्यातुकड्याने, कुलूपबंद. ठिपके आता माझ्याही फोनवर दिसतात. आज दुपारी एक करडा झाला. त्याच्या दुकानाचा. बटण दाबून, अगदी नीट बंद केलेला.

मी किटली लावली, दोन कप घेतले आणि काउंटरवर पाटी ठेवली : थोड्या वेळात येते.