चिकटवलेलं पान

मला पियानो शिकवणाऱ्या रविंद्र वासनिक सरांकडे मी मे महिन्यात गेले, ती पानं पलटायला. पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून नोटेशनचं पान दुसऱ्या कुणी पलटायचं. बिनडोक काम वाटतं ना? करून बघा एकदा, मग बोला माझ्याशी.

सर मूळचे कामठीचे. तिथल्या चर्चमधल्या जुन्या पियानोवर शिकले आणि पुढं जर्मनीत वीस वर्षं ऑर्केस्ट्रा चालवला. पियानोवर बसून नुसत्या मानेच्या इशाऱ्यावर साठ-सत्तर वादक सांभाळायचे. डावीकडच्या खुर्चीवर कायम त्यांची बायको, कुसुमताई. ताईंना नोटेशनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सरांनी हनुवटी हलवली की बोट जिभेला लावायचं आणि पान पलटायचं, बस. तोंडात लवंग, नजर सरांवर. गेल्या वर्षी त्या वारल्या आणि सरांनी पियानो बंदच केला. आता पंचाहत्तरीला नागपुरात चाळीस तरुण वादकांसोबत एक शेवटचा कार्यक्रम ठरला होता. पण सरांच्या लक्षात काही राहत नव्हतं. समोर पान नसलं की हात थांबायचे. हे फक्त मला आणि त्यांच्या मुलाला, पियुषला, ठाऊक होतं.

प्रताप नगरातलं त्यांचं घर, दुपारचे दोन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आत खसच्या ओल्या पडद्यांमुळे दिवसाढवळ्या अंधार. मी डावीकडच्या खुर्चीवर बसायला गेले.

"तिथं नको बसू वं, नंदिनी," सर म्हणाले. "उजवीकडून पलटव."

मी उजवीकडे बसले. सर वाजवू लागले. पान संपत आलं, त्यांनी हनुवटी हलवली, मी हात पुढे केला... आणि पान पलटलेलं होतं. म्हटलं, कूलरचा वारा. कूलर बंद केला. घामाच्या धारा लागल्या, पण पुढचं पानही माझ्या आधीच पलटलं. मग मी अंगणातल्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणून पानांना लावले.

"चिमटे काहून लावून राहिली तू?"

"सर, पानं आपोआप पलटताहेत."

"आपोआप नाही..." एवढंच म्हणाले. चिमटे त्यांनीच काढले.

मी वाकून बघितलं. पानाचा खालचा कोपरा ओला होता. लवंगेचा वास येत होता. नागपूरच्या मे महिन्यात, अशा दुपारी, कागद ओला राहतो का हो?

तेवढ्यात दोन पानं एकदम पलटली. सर मधलं सगळं गाळून पुढं वाजवत गेले आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

"सर, एक पान सुटलं."

"तिले घाई झाली आहे," सर हसले. "शेवटलं पान पलटलं का मले घेऊन जाणार आहे ती. सांगतलं तिनं मले."

"कधी?"

"काल... इथंच बसून."

मी भांडले त्यांच्याशी. कार्यक्रम रद्द करा म्हणून पाया पडले. या माणसानं मला पोटच्या पोरीसारखं शिकवलं होतं, मी त्याला असं कसं जाऊ देणार? सर ऐकतील तर शपथ.

"चाळीस लेकरं वाजवणार आहेत माह्यासंगं. मी घरी लपून बसू काय?"

तेव्हा मी ते केलं. रचनेच्या अगदी शेवटच्या ओळी ज्या पानाच्या मागे होत्या, ते पान चारही कडांना डिंक लावून मागच्या पुठ्ठ्याला पक्कं चिकटवून टाकलं. सर अडतील, लोक हसतील. हसू देत मेले. माणूस तर वाचेल.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं. डावीकडे रिकामी खुर्ची सरांनीच मांडायला लावली होती. काय वाजवलं म्हणून सांगू! पानं पलटत होती. लोकांना वाटलं असेल मीच पलटतेय. माझे दोन्ही हात मांडीवर होते, घामानं चिंब.

शेवटचं पान आलं. सरांनी हनुवटी हलवली. पानाचा कोपरा किंचित उचलला गेला, थरथरला, पण सुटला नाही. पुन्हा थरथरला. डावीकडची खुर्ची करकरली. सरांचे हात हवेत, चाळीस वादक त्यांच्याकडे बघत थांबलेले.

"पलटव ना वं, कुसुम..." सर हळूच म्हणाले.

ते हात मग खाली आले, पण पियानोवर नाही, मांडीवर.

तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात, मनाला धक्का बसलाय, बाकी नाडी, रक्तदाब ठीक. सर बोलत नाहीत. भरवलं तर जेवतात आणि दिवसभर त्या चिकटवलेल्या पानाकडे बघत बसतात. मी मनाला समजावते, नंदिनी, तू वाचवलंस त्यांना.

काल पियुषचा फोन आला.

"नंदिनीताई, मी रोज सकाळी बाबाची दाढी कराले बसतो..."

"मग?"

"दाढी वाढूनच नाही राहिली. त्या दिवसापासून. नखंही नाही..." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "ताई, बाबा जिवंत आहेत ना?"