करवंदीची फांदी

१४ नोव्हेंबर २०२३, मंगळवार. सकाळी दहापर्यंत धुके, मग कोवळे ऊन, दुपारी पुन्हा ढग. वारा अजिबात नाही.

बेळगावचा विनायक आणि त्याची बायको प्राजक्ता दिवाळीच्या सुट्टीत अणशीजवळ एका होमस्टेत उतरली होती. पाडवा होता, सकाळी तिने त्याला ओवाळले. दुपारी जेवून दोघे वासूबरोबर जंगल पाहायला निघाली. वासू पन्नाशीचा, तिथलाच शेतकरी. पाहुण्यांना वाट दाखवायचे काम त्याच्याकडे.

प्राजक्ताला दहावा आठवडा चालू होता, आणि हे डॉक्टरीणबाईंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. दोन्ही वेळा विनायकने आधीच घरभर पेढे वाटले, आणि नंतर सासूच्या तोंडून नको नको ते तिला ऐकावे लागले. या खेपेला बारा आठवडे उलटल्याशिवाय बोलायचे नाही, असे तिने ठरवले होते.

पाऊण तास चालल्यावर वळणावर कमरेइतका उंच फांद्यांचा ढीग लागला. खालच्या कुजून काळ्या, वरच्या हिरव्या.

"नागू गुराख्याला वाघानं हितंच धरला," वासू म्हणाला. "माझ्या आज्याच्या वेळची गोष्ट. जाणाऱ्यानं एक वली फांदी टाकायची, माणशी एक. कडंवर पोर असलं तर त्याची बी आईनं टाकायची."

"आणि न्हाई टाकली तर?" विनायकने विचारले.

"तर नागू संगती येतो. त्याला सोबत लागती."

"बेळगावला येतो काय बघ की मामा, गाडीत मागची सीट रिकामी हाय," विनायक हसला आणि त्याने हाताला लागली ती करवंदीची फांदी मोडली. काटा टोचला तसा शिवी हासडून त्याने ती ढिगावर भिरकावली. वासूने जांभळीची डहाळी ठेवली. प्राजक्ताने दोन डहाळ्या मोडल्या. विनायक मोबाइल रोखून तिचेच चित्रण करत होता. दुसरी कुणाची, असे तो विचारणार. तिने एकच टाकली. दुसरी हातातून खाली सोडून दिली.

पुढे वासू, मध्ये विनायक, मागे ती. शंभरेक पावलांवर किड्यांची किरकिर थांबली. मग तिच्या मागे पाचोळा वाजला... अनवाणी टाचेचा, दमाने टाकलेल्या पावलाचा आवाज. ती थांबली की तोही थांबे. ओल्या घोंगडीचा वास आला. आणि पाठीमागून कुणीतरी थंडगार तळवा तिच्या ओटीपोटावर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला.

वासू मागे न बघताच थबकला. "अक्का... कुणाची ऱ्हायली?"

तिने सांगून टाकले. विनायक गर्रकन मागे वळला.

"परत? आणि मला आता सांगतीस?" तो म्हणाला. "असू दे. तुझ्या पोटात टिकतंय काय काही? नागूनं न्हाई नेलं तर आपलं आपणच जाईल."

तो तिथेच दगडावर बसून पाणी प्यायला.

"मी नवी फांदी टाकते," ती वासूला म्हणाली.

"ढीग वलांडला की नवी चालत न्हाई. आपल्यातल्या कुणाची तरी टाकलेली उचलून पोराच्या नावानं ठेवायची. तुमची नको, तुम्ही गेलात तर ते बी जाईल." तो जरा घुटमळला. "आणि जांभळीला हात लावू नका, अक्का. मला दोन पोरी हायत."

ती एकटी मागे गेली. तळवा पोटावर तसाच होता. ढिगावर वरच करवंदीची फांदी पडली होती. तिने ती मुठीत धरून उचलली. काटे तळहातात रुतले. "ही माझ्या बाळाची," असे म्हणून तिने ती पुन्हा ठेवली.

पोटावरचा तळवा निघाला. पाचोळ्यातली पावले तिला ओलांडून पुढे, विनायक बसला होता तिकडे गेली.

ती परतली तेव्हा तो बुटांची नाडी बांधत होता. "झाली काय पूजा? चला, व्हा पुढं. मी येतो मागनं."

आता पुढे वासू, मध्ये ती, शेवटी विनायक. तो बडबडत होता, आईला फोन करून सांगतो म्हणत होता. मग म्हणाला, "ए, पोटावर हात काय ठेवतीस माझ्या..." आणि जरा वेळाने, अगदी बारीक आवाजात, "प्राजू... बघ की जरा मागं."

वासूने मागे पाहिले नाही. तिनेही नाही.

गावातल्या लोकांनी चार दिवस जंगल धुंडाळले. चौथ्या दिवशी वाटेच्या मधोमध विनायकचे बूट सापडले, शेजारी शेजारी ठेवलेले, नाड्या बांधलेल्या. आत मोजे होते, ते उबदार होते.

विनायक सापडला नाही. ६ जून २०२४ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्राजक्ताला मुलगी झाली. वजन दोन किलो आठशे ग्रॅम.