दोन लाल फुल्या

पेपर तपासायला कारकुनाने उत्तरसूचीचं पाकीट काढलं, तर ते आधीच फोडलेलं. सूची मात्र आत जागच्या जागी.

पेपर इंग्रजी वाक्प्रचारांचा. इस्पितळाच्या चौकशी खिडकीवर एकच जागा होती आणि परीक्षेला बसले दोघंच: फरशी पुसणारी आया आणि तिचा मुकादम. पाकीट ठेवलेल्या कपाटाच्या खोलीत आदल्या दिवशी गेले तेही हेच दोघं. कारकुनाने सूचीबरहुकूम तपासलं. मुकादमाला पन्नासपैकी पन्नास, आयाला अठ्ठेचाळीस.

"फडकं मारणारीला एवढं इंग्रजी?" मुकादम म्हणाला. झालं, सगळ्यांनी तिच्याकडेच बोट दाखवलं. व्यवस्थापकांनी कोरा कागद पुढे सरकवला. माफी लिही, नाहीतर नोकरी सोड.

"मेले तरी लिहिणार नाही," आया म्हणाली.

वरून तपासनीस बाई आल्या. त्यांनी आधी दोन्ही पेपर शांतपणे वाचले, मग आयाला समोर बसवलं.

"अंडर द वेदर म्हणजे?"

"बरं नसणं. चार नंबरच्या खाटेवरच्या आजी ताप चढला की म्हणायच्या."

"वन्स इन अ ब्लू मून?"

"क्वचित. मोठे डॉक्टर वॉर्डात येतात तसं."

बाईंना हसू आवरलं नाही. आयाने पिशवीतून औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे काढले. बारा वर्षांचे. प्रत्येकावर एक वाक्प्रचार, कोण बोललं, कधी बोललं. पण तिच्या पेपरात नेमक्या याच दोन उत्तरांवर लाल फुल्या होत्या.

बाईंनी मुकादमाला बोलावून तेच विचारलं.

"ब्लू मून म्हणजे तब्येत बरी नसणे. अंडर द वेदर म्हणजे क्वचित," त्याने धडाधड सांगितलं.

"तुमची उत्तरं चुकीची आहेत," बाई म्हणाल्या. "सूची टाइप करताना या दोन ओळींची अदलाबदल झाली. पेपर काढणाऱ्या सरांना मी सकाळीच फोन करून विचारलं. चुकून चुकणारा माणूस हुबेहूब सूचीसारखा चुकत नाही. पाकीट तुम्ही फोडलंत. हिने सूची पाहिली असती, तर हिलाही पन्नास पडले असते."

मुकादम दाराकडे सरकला. व्यवस्थापक घाईने म्हणाले, जागा आयाचीच, आता विषय इथेच संपवू.

आया उठली नाही. तिने तोच कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"माफी लिहायची राहिलीय, साहेब. सगळ्यांसमोर मला चोर ठरवलंत. लिहा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.