मामाच्या पानात पडलं काय?

"अगं बाई! ह्यावर फुली कुणी मारली?" बोलुंबू किंचाळलीच.

जंगलातून ओढ्यावर मासे धरायला निघालेली ती, बोफाका आणि एकिला अशी तिघं जागीच थबकली. बोलुंबूच्या बाबांच्या झाडावर लालभडक रंगाची फुली! म्हणजे दुपारी करवत चालणार. हे झाड बाबांनी शोधलं होतं, म्हणून त्यावरच्या अळ्यांवर हक्क त्यांच्या घराचा. बाबा गेले तरी दर ऑगस्टात अळ्या उतरायच्या आणि आई त्या धुरावर वाळवून वर्षभर खायला पुरवायची.

"पण पट्टा कुठाय?" बोफाकाने विचारलं. गावातल्या लोकुलीमामाने झाडं तपासून अळ्यांच्या झाडाला ताडाच्या धाग्याचा पट्टा बांधायचा आणि करवतवाल्यांनी ते झाड सोडायचं, असं गावाने ठरवलं होतं. दुसऱ्या कुणी बांधलेला पट्टा चालत नसे.

"तो काय, त्या वाटेवरच्या झाडाला!" छोटी एकिला म्हणाली.

बोफाका त्या झाडाखाली रांगून आला. "तिथे अळीची एक लेंडी नाही! आणि इथे बघा, मिरी सांडल्यासारखा सडा पडलाय!"

"पडणारच! तो राखी पतंग अंडी घालायला ह्याच खोडावर बसायचा. मी रोज बघायचे," एकिला म्हणाली.

"अळ्या सगळ्यांना हव्यात, त्या कळकट पतंगाला तुझ्याशिवाय कोण विचारतं!" बोफाका हसला.

तिघं झाडाचं सांगायला धावत गेली, तेव्हा मामा अंगणात सोंगट्या खेळत बसला होता.

"एकूणएक झाड तपासलंय मी! यंदा बोलुंबूच्या झाडावर अळ्याच नाहीत. पळा!"

"मामा, वर बघितलंस का?" एकिलाने विचारलं.

"माझी मान दुखते!"

बोलुंबूचे डोळे भरून आले. बाबांचं एवढंच तर उरलं होतं!

"रडू नकोस गं," बोफाका म्हणाला. "मामा कशाला नाही म्हणत नाही?"

"जेवणाला!" तिघंही एकदम ओरडली.

दुपारी फुलीच्या त्याच झाडाखाली पानं मांडली गेली. पानात भाजलेले मासे, कसाव्याच्या कंदाची भाकरी क्वांगा, त्याच्याच पाल्याची भाजी! मामा आला, करवतवाल्यांचा मुकादम आला, गावप्रमुख इलोंगा आजोबाही आले.

"वा! पोरांना सुबुद्धी सुचली!" मामाने बाह्या सरसावल्या.

टप्! मामाच्या भाजीत काहीतरी पडलं. टप् टप्! मुकादमाच्या टकलावर.

"पाऊस आला की काय?"

"ऊन आहे की मामा!" एकिला साळसूदपणे म्हणाली.

आजोबांनी भाजीतला काळा दाणा उचलला, चिमटीत चुरडला, वर बघितलं आणि पोट धरधरून हसले. "लोकुली, अळ्या नाहीत ना? मग तुझ्या भाजीला मसाला कोण घालतंय?"

मामा कान खाजवू लागला. "चुकलो. एवढं आत कोण जाणार, म्हणून वाटेवरच्याच झाडाला पट्टा बांधून टाकला."

"करवती परत न्या रे!" मुकादमाने टक्कल पुसत हाक दिली.

"शाब्बास पोरांनो!" एकिलाकडून पतंगाचं सगळं ऐकून आजोबा म्हणाले. "आम्ही नुसतं पोटाकडे बघत राहिलो, तुम्ही पतंगाकडे बघितलंत. आजपासून पट्टे तुम्ही बांधायचे. पहिला बोलुंबूने."

बोलुंबूने खोडाला पट्ट्याचे दोन वेढे दिले, टोक आत खोचलं आणि गच्च ओढलं. आजोबांनी गाठीवरून बोट फिरवलं.

"अगं, ही तर तुझ्या बाबांची गाठ!"

"त्यांनीच शिकवली."

एवढ्यात, टप्! एक लेंडी थेट तिच्या नाकावर पडली, आणि सगळ्यांत मोठ्याने बोलुंबूच हसली.