जारच्या पाण्यावरचा कोष

अनुप हसला. सुरुवात एवढ्यावरच झाली.

बारामतीतल्या एका कॉलेजात ‘उद्याच्या घरातलं धुणं’ असं प्रदर्शन भरलं होतं, आणि अनुप ते बघायला आलेलाच नव्हता. हॉस्टेलचं वॉशिंग मशीन गळत होतं. ते दुरुस्त करून, पाना-पकडीची पिशवी खांद्याला लावून, तो जवळच्या वाटेनं बाहेर पडत होता. जवळची वाट हॉलमधून जात होती. हॉलमध्ये एक गुळगुळीत गोटा होता, तो बादलीत सोडला की कपडे आपोआप धुतले जाणार होते. एक आरसा होता, त्याच्यामागं साड्या वाळणार होत्या. आणि मधोमध छताला टांगलेला, माणसाएवढा, पारदर्शक, निळ्या उजेडात श्वास घेतल्यासारखा फुगणारा एक कोष होता. आत एक पांढरा शर्ट तरंगत होता. त्याच्याभोवती धुकं यायचं... विरायचं... परत यायचं.

अनुपनं तो खालून बघितला, बाजूनं बघितला. मग हसला.

“हसण्यासारखं काय आहे यात?” कोषामागून आवाज आला. पाठोपाठ प्रियदर्शनी आली. कपाळावर एक बट, नाकावर चष्मा आणि नाकाच्या शेंड्यावर राग.

“हसलो न्हाय मॅडम. तोंडच तसं हाय.”

“मग झाकून फिरत जा.”

“ह्येच्यात पाणी कुठलं घालता?”

“पाणी म्हणजे पाणी. त्यात कुठलं काय असतं?”

अनुपनं शर्टाकडं बघितलं, मग तिच्याकडं — जरा जास्तच वेळ — आणि “बरं” म्हणून तो निघून गेला.

मराठीत ‘बरं’ चार तऱ्हांनी म्हणता येतं. ही पाचवी होती. बारामती ते सणसर एसटीत बसून प्रियदर्शनी तिचाच विचार करत होती. शेजारची बाई तिचं तोंड बघून दोन स्टॉप आधीच उठून पुढं उभी राहिली.

तिच्या रागाला कारण होतं. सणसरला तिच्या वडलांचा, श्रीपतींचा, ऊस. उसात दिवसभर राबलं की शर्टात बारीक कुसळं भरतात. ती मशीननं निघत नाहीत, ब्रशनं निघत नाहीत. हातानं चोळून, झटकून काढावी लागतात, आणि ती काढणाऱ्याच्या तळव्यात जातात. तळवे आईचे, ताईबाईंचे. तीस वर्षं. प्रियदर्शनीनं त्या तळव्यांसाठी कोष केला होता. आत कपडा टांगायचा, हवेनं कुसळ उडवायचं, धुक्यानं मळ काढायचा. पिळणं नाही, आपटणं नाही. त्यापायी पुण्यातली नोकरी सोडून ती सहा महिने घरी बसली होती. प्रदर्शनातून पाच यंत्रं निवडली गेली, त्यात कोष होता. तीन आठवड्यांनी प्रदर्शन भरवणाऱ्या कंपनीची माणसं घरी येणार, आठ दिवसांचं धुणं धुवून दाखवायचं, पसंत पडलं तर यंत्र बनणार. नाही पडलं तर पुन्हा पुणं, पुन्हा कुणीतरी दुसऱ्यानं ठरवलेल्या मिक्सरच्या झाकणाला रंग सुचवणं.

कोष अंगणाकडच्या ओट्यावर टांगला गेला आणि चार दिवस झकास चालला. पाचव्या दिवशी त्यातून शिट्टी वाजायला लागली. सहाव्या दिवशी एका बाजूनं धुकं यायचं बंद झालं आणि दुसऱ्या बाजूनं तो थुंकायला लागला.

“आई, यात काय घातलंस?”

“पानी घातलं.”

“कुठलं?”

“बोअरचं. जार संपला व्हता. अर्धा जार रोज ह्यो तुजा कोष जावयावानी पितो. आमी काय प्यायचं?”

प्रियदर्शनी आईवर ओरडली. आई तिच्या दुप्पट ओरडली. श्रीपतींनी मधे पडायचं टाळून बारामतीला फोन लावला. भिगवण रोडवर मशिनी दुरुस्त करणारा एक चांगला मुलगा आहे, कन्हेरीचा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

तासाभरानं दारात मोटारसायकल थांबली. प्रियदर्शनीनं बघितलं. अनुपनं बघितलं. त्यानं आधी हातरुमाल काढून तोंडावर बांधला, मग आत आला.

“काढा ते,” ती म्हणाली.

“तुमीच म्हनला झाकून फिरा.”

ताईबाई चहा ठेवायला उठल्या. मुलीशी बोलून अजून उभा असलेला हा पहिलाच मुलगा होता.

अनुपनं कोषातली एक तोटी उघडून तळहातावर ठेवली. सुईच्या टोकाएवढं भोक, आणि ते पांढऱ्या खड्यानं बुजलेलं.

“क्षार. आजवर कशावर चालवलं?”

तिनं रिकाम्या जारकडं बघितलं. घरात प्यायला जार येतो, कोष तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी होता, जार हाताशी होता. ते विकतचं गोड पाणी तिनं सहा महिने यंत्राला पाजलं होतं, आणि ‘पाणी म्हणजे पाणी’ म्हणाली होती.

“तुमच्यात उसाला ड्रिप हाय?” अनुपनं विचारलं.

“आहे.”

“ड्रिपरची भोकं बुजली की ॲसिड कोन सोडतं?”

“बाबा.”

“तुमी बघितलंय?”

“लहानपणापासून.” ती आता चांगलीच तापली होती. “मग काय, शर्टांवर ॲसिड सोडू?”

“माज्यावर कशाला चिडता? मी सांगतो कोन चिडायला पायजे ते.” अनुपनं तोटी खाली ठेवली. त्याचं तोंड आता तसं नव्हतं. “मशीन बनवनारा कुठंतरी गोड पान्यावर बसतो. हितं आलं की सा महिन्यात मशीनच्या नळ्या बुजतात. शिव्या कोन खातं? मी. आजवर वाटायचं, त्या बिचाऱ्यांना काय म्हाईत हितलं. पन तुमी हितल्याच की. तुमी बी तसंच केलं.”

हे खरं होतं. खरं होतं म्हणून ते सहन होण्यासारखं नव्हतं. ओट्यावर धुतलेल्या ताटल्यांची रास निथळत होती. प्रियदर्शनीनं वरची उचलली आणि दिली भिरकावून.

नेम चुकला, असं ती पुढं बरेच दिवस सांगायची. ताटली गरगर फिरत अनुपच्या कानाजवळून गेली, अंगणातल्या पाइपांवर आदळली आणि घणघणत राहिली. अनुपनं आधी डोळे उघडले, मग मान खाली घालून शर्ट बघितला. डाव्या खांद्यापासून उजव्या खिशापर्यंत अगदी बारीक थेंबांचा एक पट्टा उठला होता. धुक्यासारखा.

दोघंही त्या पट्ट्याकडं बघत राहिले.

“परत फेका,” अनुप हळूच म्हणाला.

“काय?”

“ताटली. ओली करून. तेवढ्याच रागानं.”

“हे बघा, माझं चुकलं, मी —”

“माफी नगं. त्यानं थेंब मोठा पडतोय.”

तिनं दुसरी फेकली. थेंब मोठे पडले.

“राग कमी पडला,” अनुप म्हणाला. “तुमचा त्यो निळा दिवा बघितला ना, मला वाटलं कुनाचं तरी रिसेप्शन हाय.”

तिसरी ताटली अप्रतिम गेली. धुकं अनुपच्या भुवयांवर बसलं. तो हसत होता, आणि प्रियदर्शनीच्या लक्षात आलं की हे तोंड झाकायला सांगणं हा आपला घाईचा निर्णय होता. ते लक्षात आल्याबद्दल ती स्वतःवरच चिडली आणि चौथी ताटली तिनं कुणी न सांगता फेकली.

भोकच नको, हे आता दोघांनाही दिसलं होतं. फिरत्या ताटलीवर पाणी सोडायचं, तीच ते बारीक करून उधळेल. बुजायला काही नाहीच. पांढरं धरलं तर फडक्यानं पुसायचं, आणि कपड्यावर पाणी एवढं थोडं पडतं की कपडाही कडक होत नाही. अनुपनं जुन्या टेबलफॅनची मोटर आणली. दोन आठवडे तो रोज दुकान बंद करून सणसरला आला आणि दोन आठवडे ते रोज भांडले. ताटलीचा काठ कापावा की नाही यावर. मोटर वर बसवावी की खाली यावर.

“तुम्ही रोज येताय, तुमच्या दुकानाचं काय?” एकदा तिनं पान्यासाठी हात पुढं करत विचारलं.

“गिऱ्हाइकं कमी झाली.”

“वाईट वाटत नाही?”

“वाटतं की.” त्यानं पाना तिच्या हातात दिला. सोडला मात्र नाही. “म्हनून तर रोज येतो... दुःख विसरायला.”

ती त्याच्यावर जेवढं चिडायचं ठरवत होती, त्यापेक्षा थोडं कमीच चिडली. पाना सोडवून घ्यायला तिला दोन्ही हात लागले.

ठरल्या दिवशी कंपनीची माणसं आली. भिगवणला मासे खाऊन आल्यामुळं उशिरा आणि जडावून आली. राजलक्ष्मी मॅडम होत्या, त्यांच्यासोबत एक टाय होता. टायच्या आतल्या गृहस्थांनी शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही. कोष बोअरच्या पाण्यावर आठ दिवस चालला होता. ताईबाईंनी श्रीपतींचा शर्ट त्यातून काढला आणि मॅडमच्या गालाला लावला. कुसळ नव्हतं.

“सुंदर,” मॅडम म्हणाल्या. “फक्त ती ताटली काढा. आवाज करते. फोटोत बरी दिसत नाही. आधीच्या तोट्याच ठेवा, आम्ही लगेच करार करू.”

“तोट्या इथल्या पाण्यावर चालत नाहीत.”

“आमचं गिऱ्हाईक टॉवरमध्ये राहतं. तिथं पाणी गोड असतं.”

“मग खोक्यावर तसं लिहाल? बोअरच्या पाण्यावर चालत नाही म्हणून?”

टाय पहिल्यांदा बोलला. “असं कुणी लिहितं का?”

प्रियदर्शनीनं आईकडं बघितलं. ताईबाई शर्टाची घडी घालत होत्या, सवयीनं हलक्या हातानं, टोचेल म्हणून जपून.

“हे यंत्र ज्या घरासाठी केलं, त्या घरातच ते चालणार नसेल,” ती म्हणाली, आणि पुण्यानं शिकवलेली तिची भाषा इथं संपली, “तर मला न्हाय द्यायचं. तुमी जावा.”

ते गेले. गाडी कालव्यापलीकडं दिसेनाशी झाली, तसा इतका वेळ कोषामागं उभा असलेला अनुप चवताळून तिच्यासमोर आला.

“येडं लागलंय का तुमाला? हो म्हनायचं की. तोट्या तर तोट्या. नाव झालं असतं, पुन्याला गेला असता —”

“तुम्ही बोलताय हे? तुम्ही?”

“व्हय, मीच.”

“दोन आठवडे माझं डोकं खाऊन आता —”

“तुमी गेला असता म्हंजी मी विसरलो असतो.” त्याचा आवाज चढला होता, आणि उतरवायची त्याला आता भीती वाटत होती. “चार-सा महिने लागले असते. वरीस लागलं असतं. पन विसरलो असतो. आता तुमी हितंच ऱ्हानार. म्हंजी आता रोज... मी काय करायचं?”

दूर कुणाच्या तरी शेतात पंप सुरू झाला. प्रियदर्शनीनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला. समोर तेच तोंड होतं. लाल, घामेजलेलं, अजिबात न हसणारं.

“हे तुम्ही रागानं बोलताय?”

“मग कशानं?”

“नाही... नीट सांगा. रागानंच ना?”

“रागानंच.”

“मग खरं असणार,” ती म्हणाली. “गोड बोलून गेलेले आत्ताच बघितले मी.” ती एक पाऊल पुढं आली. “तुमच्या दुकानामागं जागा आहे?”

“शेड हाय. पत्र्याचं. तापतं.”

“तापू दे. तिथं दहा कोष बनतील. आपले आपण विकू, बोअरवाल्यांना. पण मोटर वरच बसणार.”

“खाली.”

“वर.”

“बघू,” अनुप म्हणाला. तो मागं सरकला नव्हता, तीही नव्हती, आणि दोघांच्या मधे आता जेमतेम एक ताटली मावली असती.

आतून ताईबाईंनी हाक मारली. “भाकरी टाकतेय मी. ते जेवायला थांबनार हायती का?”

“थांबनार हाय त्यो,” प्रियदर्शनी म्हणाली.

“त्येला इचारलंस का?”

“न्हाय.”