भाला बाबा आणतात

आधी भाला आला, मग ती.

रिमझिम पावसात छत्री धरून मैदानातून आडवा निघालेला तो तरुण जागच्या जागी थिजला. चार हातांवर, ओल्या गवतात भाला थरथरत उभा होता.

"एवढी मोठी पाटी लावलीय, वाचता येत नाही?" धापा टाकत ती म्हणाली.

"चष्म्याचं दुकान आहे माझं. लोकांना वाचायला लावतो मी."

"मग स्वतःचे डोळे कधी तपासणार?"

"आत्तापर्यंत ठीक होते…"

तिने घाईघाईने भाल्याकडे बघितलं. हसू लपवायला जवळ दुसरं काही नव्हतं.

मागून बाबा आले. भाला उपसून आणणं हे त्यांचं काम. ती लहान होती तेव्हापासून रोज सकाळी ती फेकायची आणि ते चालत जाऊन परत आणायचे, पोरीचे पाय दमू नयेत म्हणून. "मुलीच्या जातीला भाला कशाला?" असं काकूने नाक मुरडलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "लाटणं तिला धरवत नाही, वहिनी. भाला तरी धरू द्या." आणि आई लेकीच्या खांद्याला तेल चोळत राहिली होती.

चष्मेवाला मग रोज येऊ लागला. मैदानाच्या पायरीवर बसायचा. त्याच्या तोंडी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. तिचं 'तू' मात्र जिभेवरच अडायचं. बाबांशी तर त्याचं चांगलंच गूळपीठ जमलं. दोघं कोपऱ्यात हलक्या आवाजात बोलायचे, ती जवळ आली की गप्प. आपल्याच लग्नाचं चाललंय, असं वाटून ती कानापर्यंत लाल व्हायची.

निवड झाल्याचा निरोप आला. दूरच्या गावी, भालाफेकीचं दोन वर्षांचं शिबिर. दुसऱ्या दिवशी त्या आनंदात तिने असा भाला फेकला की तो कधी नव्हे इतका लांब गेला. बाबा निघाले… भाल्याच्या शेजारून पुढे निघून गेले… थांबले. हवेत हात फिरवू लागले.

"डावीकडे, काका," पायरीवरून आवाज आला. "अजून थोडं…"

आवाज शांत होता. सवयीचा होता. ती पायरीकडे वळली.

"काचबिंदू," तो मान खाली घालून म्हणाला. "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखता येते. काका म्हणाले, निवड झाली की दवाखान्यात जाऊ. तुला न सांगण्याचा शब्द घेतला माझ्याकडून."

"आणि तुम्ही दिलात?"

"दिला. चुकलो."

बाबा भाला घेऊन पोचले होते. "त्याला बोलू नकोस. तुला कळलं असतं तर तू मैदानावर आली असतीस?"

"मी शिबिराला जाणार नाही, बाबा."

"मग माझे डोळे फुकट गेले म्हणायचे."

इतक्या शांतपणे बोलले ते, की तिला रडायलाही सुचेना.

जायच्या दिवशी बसपाशी आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "त्यांच्या औषधाचं मी बघते. तू तुझ्या खांद्याचं बघ."

चष्मेवाला पिशवी उचलून देताना म्हणाला, "थांब म्हटलं तर थांबशील?"

"थांबेन."

"म्हणून म्हणत नाही."

"राग गेलेला नाही माझा."

"राहू दे. रागावून का होईना… आठवण काढशील."

"काढेन," ती म्हणाली. मग अगदी हळू, "तू बाबांना सोडू नकोस."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. त्याने मान डोलावली.

बस सुटली. खिडकीतून तिने मागे पाहिलं. बाबा हात हलवत होते, सगळं अंग हलेल असे, हसत हसत. शेजारच्या, अजून उभ्या असलेल्या भलत्याच बसकडे बघून.

तेवढ्यात चष्मेवाल्याने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि देवापुढची समई जपून फिरवावी तसं त्यांना हळूच तिच्याकडे वळवलं.