एकाच ताग्यातले दोन शर्ट

कपड्याचा रंग पक्का आहे की कच्चा, हे तपासणं माझं काम. कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं मी हेच करते. तुकडा कापायचा, उकळायचा, घासायचा, उन्हात टाकायचा आणि काय उरतं ते वहीत लिहायचं. डाग कशाने जातो आणि कशाने कायमचा बसतो, हे मला कुणी शिकवायला नको. आईला मात्र हे सगळं प्रयोगशाळेशिवायच येत होतं. शाईला स्पिरिट, तेलकटाला टाल्कम पावडर, गंजाला लिंबू-मीठ, रक्ताला गार पाणी. "रक्ताला गरम पाणी लावलंस तर जन्माचं चिकटेल," हे तर मी इतक्यांदा ऐकलं होतं की ती तोंड उघडायच्या आत मीच वाक्य पुरं करायची.

आमचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराला लागून मोरी, मोरीच्या दाराबाहेर गीझरचं बटण आणि त्याचा लाल दिवा. घरात आई आणि मी. दादा अडीच वर्षांपूर्वी घर सोडून गेला. मी शब्द टाकून त्याला गिरणीत चिकटवलं होतं. साहेबाशी भांडून त्याने ती नोकरी आठवड्यात सोडली आणि मी भडकून म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." चिडले की माझ्या जिभेला हाड राहत नाही. दादा एरवी असलं हसण्यावारी न्यायचा, मला भिंगरी म्हणून चिडवायचा. भिंगरी म्हणणारा तो जगात एकटाच. त्या दिवशी तो हसला नाही. अंगावरच्या शर्टानिशी गेला. पत्ता नाही, फोन नाही.

त्या शर्टाचा जोडीदार दोरीवर वाळत राहिला. आईने एकाच ताग्यातून दोन शिवले होते, फिकट राखाडी. तिने त्याला इस्त्री केली आणि कपाटात टांगला.

महिन्याभराने ती म्हणाली, "अगं, दादाच्या शर्टावर चहा सांडलाय."

"कपाटातल्या शर्टावर?"

"बिनदुधाचा दिसतो. दूध मिळत नसेल त्याला."

एखाद्या वेळी होतं असं, म्हणून मी सोडून दिलं. पण मग दर आठवड्याला काहीतरी यायला लागलं. कोपरावर गंज. "लोखंडाचं काम लागलंय." कॉलरवर घामाची पिवळी रेघ. "उन्हात राबतोय गं." एकदा खिशाखाली अंड्याचा बलक वाळलेला, तेव्हा तर ती खुदकन हसली. "घरी अंड्याला नाक मुरडायचा, बघ आता!" प्रत्येक डाग ती मन लावून काढायची. तिचं म्हणणं एकच, डाग येतायत तोवर तो आहे.

मला उघड दिसत होतं की हे सगळं आईच करतेय. माणूस दुःखात काय वाट्टेल ते करतो. मी कपाटाला नवं कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. शनिवारी उघडलं तर खांद्यावर ग्रीसचा पट्टा होता, चांगला चार बोटं रुंद. आमच्या घरात ग्रीस नाही. आईकडे दुसरी किल्ली असणार, असं मी ठरवून टाकलं. ती किल्ली मी कधी शोधली मात्र नाही.

मला काळजी होती ती आईच्या हातांची. स्पिरिट आणि व्हिनेगरने तिची बोटं भेगाळली होती, घास तोंडाशी नेताना ती कळवळायची. डॉक्टर म्हणाले, सहा महिने पाण्यात हात नको. ती ऐकेल तर शपथ!

"मग त्याने काय मळक्या कपड्यात हिंडायचं?" ती म्हणाली.

"आई, शर्ट इथे आहे!"

"हा इथे आहे," ती म्हणाली आणि बादली भरायला लागली.

मग तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोन दिवस दवाखान्यात राहायचं होतं. जाताना जिन्यात थांबून तिने माझा दंड धरला. "शर्ट बघशील ना? आणि जर का..."

"गार पाणी. पाठ आहे मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची शाल घ्यायला मी घरी आले. दोन वाजायला आले होते. खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला होता. शाल कपाटात होती म्हणून कुलूप काढलं.

डाव्या बाहीवर, कफच्या वर, तळहाताएवढा लाल डाग होता.

मी बोट लावलं. ओला होता. किंचित कोमटही.

आई कालपासून घरात नव्हती. किल्ली माझ्या गळ्यात होती.

मी घाबरले. आणि घाबरले की मला राग येतो. ह्या शर्टाचा, ह्या बादलीचा, आईच्या फाटक्या बोटांचा, तोंड न दाखवणाऱ्या दादाचा, सगळ्याचा मला संताप आला. डाग एकदा पक्का बसला की आई हात टेकेल, तिचे हात बरे होतील, असं मी स्वतःला सांगितलं. डाग पक्का कसा करायचा, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

मी गीझर लावला. लाल दिवा विझेपर्यंत दारात उभी राहिले.

वाफाळत्या बादलीत बाही सोडली. लालाचा तपकिरी झाला.

बाही पाण्यात एकदम आखडली. गरम पाण्यात सुती कापड आखडतंच.

पट्टी सुटल्यावर आईने सगळ्यात आधी कपाट उघडायला लावलं. तिने डाग बघितला, नखाने खरवडला.

"गार पाणीच ना?"

"हो गं. मिळालाच वाळलेला."

तो तिने आठ दिवस घासला. गेला नाही. दुसरा कुठलाच डागही आला नाही. ती रोज सकाळी शर्ट उजेडात धरायची, उलटसुलट करायची. "सुट्टीवर असेल," म्हणायची. तिच्या बोटांच्या भेगा भरून आल्या.

पाचव्या आठवड्यात, रविवारी, एक उन्हाने रापलेला माणूस कापडी पिशवी घेऊन दारात आला. पुलाच्या कामावरचा मुकादम. आई त्याच्याकडे बघूनच खाली बसली.

"पत्ता त्याने अगदी शेवटी सांगितला," तो म्हणाला. "डाव्या हाताला पत्रा लागला होता. चार टाके, बाकी काही नाही हो. चहा पीत बसला होता, आम्हाला हसवत होता. दोनच्या सुमाराला एकदम ओरडायला लागला. जवळपास विस्तव नाही, काही नाही, आणि हात भाजल्यासारखा फोडांनी भरला. डॉक्टरही चक्रावले. तिसऱ्या दिवशी गेला."

तारीख मी विचारली नाही. त्यानेच सांगितली.

त्याने पिशवीतून शर्ट काढला. फिकट राखाडी, कोरा करकरीत. डाव्या बाहीवर तेवढा तपकिरी डाग.

"हा त्याने कधी धुतला नाही बघा. आम्ही सगळे काळेकुट्ट, हा आपला स्वच्छ. विचारलं की म्हणायचा, आमच्या घरी धुतात. आम्ही चेष्टा करायचो." मुकादम घुटमळला. "एक विचारू? भिंगरी कोण? शेवटपर्यंत एकच चाललं होतं त्याचं. 'भिंगरी, पाणी गरम आहे गं.'"

आईने नव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मला ओरडून सांगायचं होतं की मला माहीत नव्हतं. तिने काही विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

त्या ताग्याचं बरंच कापड उरलं होतं. महिन्याभराने आईने ते बाहेर काढलं, माझी मापं घेतली आणि दोन कुडते शिवले. एक माझ्या हातात दिला. "घाल, कामावर बरा," म्हणाली. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. दुसरा तिच्या कपाटात आहे. किल्ली तिच्याकडे.

प्रयोगशाळेत अंगावर रंग उडतातच. हा कुडता मी अजून एकदाही धुतलेला नाही. धुवावा लागत नाही.

मोरीत बादलीचा आवाज झाला की मी हातातलं टाकून दाराबाहेरचा दिवा बघते. रोज विझलेला असतो. काल तो लागलेला होता.

"आंघोळीला गं," आई आतून म्हणाली.